दर्भाचा माणूस

बेचाळीस साली लढाईत नवऱ्याची बोट बुडाली, पण देह सापडला नाही म्हणून अंजनानं कुंकू पुसलं नव्हतं. बारा वर्षं उलटली, तसा दीर हट्टालाच पेटला. "वैनी, आता शास्त्रसुद्धा माणूस गेला म्हणतं. दादाला अग्नी देऊन मोकळं करू." मनोरी गावातल्या घरासमोर भटजी दर्भाचा पुतळा बांधायला बसले. "उंची किती होती हो?" त्यांनी विचारलं. कुणालाच नेमकी सांगता येईना. बोटीवरचा माणूस, सहा वर्षांच्या संसारात जेमतेम सहा महिने घरी. अंजना पुढे आली, सगळ्यांदेखत पुतळ्याशेजारी चटईवर आडवी झाली. डोकं त्याच्या खांद्याशी नेलं, पाय ताणून पाहिले. "पाय वीतभर वाढवा," ती म्हणाली, "माझे पाय त्यांच्या घोट्याला लागायचे." भटजींनी दर्भ जोडला. "झालं माप, ऊठ वैनी," दीर म्हणाला. "थांब रे जरा," म्हणत ती नवऱ्याकडे कुशीवर वळली.