सुतार कधी मेला

"शेवट वाचून मी चक्क रडलो," औषधवाला म्हणाला आणि इस्त्रीवाल्या मावशीचा हात बाहीवरच थांबला.

"रडलास? त्या शेवटाला?" तिनं इस्त्री उभी केली. "अरे, मी इतकी हसले की दारातल्या गिऱ्हाइकाला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं."

मागे कपड्यांचे गठ्ठे बांधत बसलेली सून गालातल्या गालात हसली. हे रोजचंच होतं. दुपारी गर्दी ओसरली की औषधवाला शेजारच्या दुकानातून यायचा. निमित्त शर्टांचं, काम कादंबऱ्यांचं. तो पुस्तकं वाचायचा आणि मावशी कानात इअरफोन खुपसून ऐकायची, कारण तिचे हात दिवसभर इस्त्रीला बांधलेले. तोंड मात्र मोकळं. गेल्या खेपेची खुनाची कादंबरी तिनं तिसऱ्याच प्रकरणात निकालात काढली होती: "जो सगळ्यांना चहा विचारत फिरतोय ना, तोच." आणि तोच निघाला. त्याआधीच्या प्रेमकथेत कुणीच कधी भांडी घासत नाही, म्हणून ती तिनं अर्ध्यावर टाकली. वाचणारी बाईसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नसे. "माणूस मरतोय आणि ही मध्येच पाण्याचा घोट घेते. ऐकू येतं मला."

या सुताराच्या कादंबरीला मात्र तिनं एकदाही नावं ठेवली नव्हती.

"हसण्यासारखं काय आहे त्यात?" औषधवाला म्हणाला. "सुतार मरतो. बायको त्याची हत्यारं पुसून पेटीत ठेवते. संपलं."

"तो मध्यावरच मेला रे. शेवटी तो टेबल आणतो. लग्नानंतरचं पहिलं टेबल! स्वतः सुतार, आणि स्वतःच्याच दाराचं माप घ्यायला विसरला. टेबल अडकलं दारात. हा बाहेर, ती आत. हलेना की डुलेना. मग काय, मध्ये टेबल ठेवून दोघं तशीच उंबऱ्याच्या अल्याडपल्याड बसून जेवली. तिथं पुस्तक थांबतं. काय थांबलंय!"

"मावशी, ते टेबल नवव्या प्रकरणात आहे."

"तू पानं गाळतोस. मला आधीपासून संशय होता."

"मी पानं गाळतो?" औषधवाल्यानं कपाळाला हात लावला. "मेलेला माणूस टेबल घेऊन कसा येईल, सांगा बरं."

"तेच तर कसब आहे," मावशी त्याच्याकडे झुकली. "माणूस गेला की आधी दवाखानाच आठवतो. सलाईन, सुजलेले पाय, डॉक्टरांचं तोंड. कितीतरी दिवस तेवढंच. दुसरा माणूस कधी होता की नाही, अशी शंका येते. मग हळूहळू मागचा यायला लागतो. आधी म्हातारा, मग काळ्या केसांचा. त्या लेखकाला हे कळलंय. कुणी आपलं गेल्याशिवाय हे कळत नाही."

सुनेचं हसू विरलं. सासरे गेल्यापासून सासूच्या बोलण्यात त्यांचं नाव आलं की पाठोपाठ दवाखाना यायचा. हे पुस्तक लावल्यापासून मात्र सासरे सायकलवरून पडू लागले होते, चोरून साखर खाऊ लागले होते, एकदा तर भर रस्त्यात सासूला छत्री धरून लाजले होते. सगळं घर त्यांना नव्यानं ओळखू लागलं होतं.

आणि कादंबरीचे भाग फोनमध्ये सुनेनंच भरले होते, गॅसवर दूध ठेवून, घाईघाईत.

तिनं गठ्ठा बाजूला सारला आणि टेबलावरचा सासूचा फोन उचलला. यादी वर सरकवली. पहिल्या प्रकरणाखाली दहावं होतं. दहाखाली अकरा, मग बारा. एकानं सुरू होणारे सगळे आकडे फोननं एकामागोमाग लावले होते. मग दोन, मग वीस, एकवीस, बावीस. त्यानंतर तीन. आणि सगळ्यात खाली नऊ.

"आई," ती म्हणाली, "माझ्याकडून घोळ झालाय. प्रकरणं उलटसुलट लागली. वाचणारी बाई आकडा सांगत नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. सुतार खरंच शेवटी मरतो."

"बघा!" औषधवाला टाळी देणार होता. सुनेचा चेहरा पाहून त्यानं हात खाली घेतला.

मावशीनं फोन हातात घेतला आणि बोटानं एकेक आकडा खाली उतरत गेली. नऊपाशी बोट थांबलं. सुनेला वाटलं, आता आपल्या सासूच्या डोळ्यांदेखत तो सुतार पुन्हा एकदा मरणार, आणि यावेळी आपल्या हातून.

"म्हणजे लेखकानं हे असं लिहिलंच नाही?" मावशीनं विचारलं.

"नाही, मावशी," औषधवाला हळूच म्हणाला.

"मग त्याला सुचायला हवं होतं."

औषधवाला हसला. मावशी हसली नाही. तिनं फोन सुनेकडे दिला, अर्धी राहिलेली बाही सरळ केली, तिच्यावर पाणी शिंपडलं.

"आजच नीट लावून देते, आई," सून म्हणाली. "सुरुवातीपासून सरळ ऐका. मीही बसते तुमच्याबरोबर."

"बस की. पण आहे तसंच लाव," मावशी म्हणाली. "सरळ क्रमानं माझं एकदा होऊन गेलंय."