उतार

मिस्त्रींचं अंग तापाने फणफणत होतं, पण कान लागले होते समोरच्या छापखान्याकडे. तिथलं जुनं खट्याळ यंत्र त्यांच्या हाताखेरीज कुणालाच दाद देत नसे.

"पगारी रजा दिलीय साहेबांनी. बरं वाटेपर्यंत येऊ नका म्हणालेत," कपाळावरची पट्टी बदलत बायको म्हणाली. "मग कसला घोर लावून घेताय?"

"माझ्यावाचून अडलं असेल गं तिथं."

तेवढ्यात खिडकीतून ओळखीची धडधड ऐकू आली. एकदाही न अडखळता ती चालूच राहिली.

"ऐकलंत? काही अडलेलं नाही. आता तरी निर्धास्त झोपा!"

मिस्त्री ताडकन उठून बसले आणि खिडकीकडे बघत राहिले. बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा खुलला.

"अगबाई, दरदरून घाम फुटलाय! पडला एकदाचा तापाला उतार."