हातांवरचा कर

बारा वाजायला दहा मिनिटं होती आणि सरोज बागणे आमेलियाबाईंना सूप भरवत होती. आमेलियाबाई समुद्रापलीकडे आपल्या घरी अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि सरोज इचलकरंजीत, पूर्वी माग चालत त्या शेडमध्ये, कोपरापर्यंत तारांचे हातमोजे चढवून पडद्यासमोर बसली होती. तिनं इथं हात उचलला की तिथल्या यंत्राचा हात चमचा उचलायचा. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

पण तिकडच्या देशांच्या संघानं दुसऱ्याच एका देशाशी मुक्त व्यापाराचा करार केला होता. त्या देशातून येणाऱ्या हातांवरचा आयातकर आज बारापासून माफ होणार होता. इथले हात महाग ठरले, म्हणून बारानंतर सरोजचं काम त्या हातांकडे जाणार होतं.

"ताई, निरोप घ्यायचा नाही," सुपरवायझर पवळे हळूच म्हणाला. "हात बदलल्याचं पेशंटला कळू द्यायचं नाही, असा नियम आहे."

"आज चमचा मध्येच का गं थांबतोय?" आमेलियाबाईंचे शब्द मराठी होऊन कानात आले.

"काही नाही, बाई. सूप गरम आहे, सावकाश घ्या."

बारा वाजले. मोजे निर्जीव झाले. पडदा मात्र अजून चालू होता. त्यावर तेच यंत्राचे हात दिसत होते, पण आता ते दुसरंच कुणी हलवत होतं. चमचा घाईनं पुढं आला. आमेलियाबाईंनी ओठ घट्ट मिटून तोंड फिरवलं.

"अहो, आधी तिचा हात हातात घ्या!" सरोज ओरडली. "त्याशिवाय खात नाही ती!"

"आपला आवाज बंद केलाय, ताई," पवळे खाली मान घालून म्हणाला.

तरी पडदा विझेपर्यंत सरोज सांगतच राहिली.