बाबांच्या हाताचे फोटो

बाथरूममध्ये घसरून पडल्यावर बाबांची हाडं शाबूत राहिली, मात्र स्वभाव जास्तच ताठ झाला. कुणी हात पुढे केला की ते भडकायचे. शेवटी लेकीने बाथरूमच नव्याने करायला काढलं. तोडफोड सुरू होण्याआधी ती मोबाइल घेऊन त्यांच्या मागेमागे फिरू लागली. ते तोंड धुवायला वाकले की फोटो, पाय धुऊन वळले की फोटो. “इथे काय माझं लग्न लागलंय?” बाबा करवादले. “फक्त हाताचे काढतेय,” ती म्हणाली. पुढे नव्या भिंतीवर गवंड्याने एका रेषेत खुणा केल्या. “आधाराचे दांडे सगळीकडे याच उंचीवर बसवतात, ताई.” तिने मोबाइल पुढे धरला. एका फोटोत बाबांचा हात बेसिनच्या कडेला टेकला होता, दुसऱ्यात नळाच्या वर, तिसऱ्यात दाराच्या चौकटीवर. “ते आपसूक जिथे धरतात, तिथेच दांडे हवेत.” गवंड्याने फोटोतल्या जुन्या टाइल्स मोजल्या आणि खुणा बदलल्या. काम संपल्यावर बाबा टॉवेल घेऊन आत गेले. पाय ओला झाला तसा त्यांचा हात सवयीने भिंतीकडे गेला आणि थेट दांड्यावर पडला. त्यांनी तो ओढून पाहिला. “याला बरं माहीत, मी कुठे धरतो ते,” ते म्हणाले. ती दारातच उभी होती. “तू जा आता.” पडल्यापासून तिच्या धाकाने बाबा दार नुसतं लोटून अंघोळ करायचे. आज त्यांनी आतून कडी लावली. ती दाराशी थांबली नाही.