तिन्ही कुलपांना एकच

किल्लीवाल्या गफारनं मोटारीच्या दारातलं कुलूप ओढून बाहेर काढलं आणि ओसरीवर तूर निवडत बसलेल्या शिवकांतानं सूप बाजूला सारलं. झालं! संध्याकाळपर्यंत नवी किल्ली तयार होणार आणि उद्या सकाळी अप्पा पुन्हा गाडी चालवायला बसणार.

नळदुर्गात तेव्हा घरच्या मोटारी दोन-तीनच. जहागिऱ्या गेल्या तशी एका जहागीरदारानं ही काळी मॉरिस विकायला काढली आणि तिच्या सासऱ्यांनी, आडतवाल्या शांतलिंगअप्पांनी, ती हौसेनं घेतली. ड्रायव्हर ठेवा म्हणणाऱ्याला अप्पा डाफरायचे, “का? माझे हात मोडलेत का?” हात चांगले धडधाकट होते हो. डोळे अधू झाले होते. पण ते अप्पा कबूल करतील तर शपथ!

मागच्या महिन्यात सोलापूरच्या रस्त्याला समोरून एक बैलगाडी येत होती. बिचारी आपल्या कडेनं चालली होती. अप्पांनी मोटार सरळ तिच्या अंगावर घातली. गाडीवान बोंबलला तेव्हा ब्रेक लागला म्हणून निभावलं. पुढं आजोबांशेजारी बसलेल्या शिवकांताच्या लेकीचं, उमाचं, कपाळ मात्र फुटलं. “बैलं मधीच आली गं!” अप्पा म्हणाले. मागच्या सीटवरून शिवकांतानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं वाकून तिनं पोरीच्या कपाळाला पदर दाबून धरला.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, “तुम्ही बोला त्यांच्याशी.” वीरभद्र दुकानात मोठमोठ्या दलालांना गप्प करायचा, पण बापापुढं त्याची वाचा बसायची. “बघू,” म्हणाला आणि कूस बदलून झोपला. मग बोलणार कोण? शिवकांता? सासूबाई गेल्यापासून त्यांचा कमरेचा चांदीचा छल्ला, कोठीच्या-कपाटाच्या किल्ल्यांसकट, अप्पांच्या उशाखाली असायचा. वाटीभर साखर काढायची तरी तिला किल्ली मागावी लागायची. साखरेला जिचा हात पोचत नाही, ती मोटार बंद करा म्हणणार?

म्हणून तिनं दुसऱ्याच दिवशी खुंटीवरच्या मोटारीच्या दाराची, डिकीची आणि इंजिनाची अशा तिन्ही किल्ल्या काढल्या, फडक्यात बांधल्या आणि चिमण्यांच्या जोंधळ्याच्या मडक्यात तळाशी खुपसल्या. रोज सकाळी अप्पा त्या मडक्यातून मूठभर जोंधळा काढून अंगणात टाकायचे. दुसरं कुणी त्याला हात लावत नव्हतं. अप्पा वरूनच मूठ भरतात, असा तिचा हिशेब. तरी जोंधळा उतरून फडकं उघडं पडायची धाकधूक होतीच, म्हणून अप्पा दुकानी गेले की ती दळणाला काढलेल्या जोंधळ्यातून गुपचूप मडकं पुन्हा काठोकाठ भरून ठेवायची.

किल्ल्या गेल्या म्हणून घरात बोंब झाली तेव्हा सगळे मोटार धुणाऱ्या दगडोबाकडं बघायला लागले. पण अप्पाच म्हणाले, “माझ्याच हातनं कुठंतरी पडल्या असतील. गरिबावर आळ घ्यायचा न्हाय.” तेव्हापासून मोटार छपरात उभी होती. आणि आज कुणाला न विचारता अप्पांनी गफारला बोलावून आणलं होतं.

“अप्पा, तीन कुलपं, तीन किल्ल्या. जल्दी होऊन जातंय,” गफार म्हणाला.

“तीन नको. तिन्ही कुलपांना एकच कर.”

“मग आतल्या पट्ट्या घासाव्या लागतील. उद्या जुन्या सापडल्या तरी लागायच्या न्हायत, आताच सांगून ठेवतो.”

“न्हाय लागल्या तर लई बरं,” अप्पा म्हणाले.

कानशीचा आवाज सुरू झाला. खंडोबा, याची कानस तरी मोडू दे रे, असं शिवकांता मनातल्या मनात म्हणत होती. कसली मोडते! गफारनं किल्ली घासली, कुलपात घातली, पुन्हा काढून घासली. दुपार कलल्यावर दार उघडलं. मग डिकी उघडली. मग इंजिनाची किल्ली फिरली, दगडोबानं हँडल मारलं आणि मोटार गुरगुरायला लागली. अप्पा बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी ती बंद करायला लावली.

गफार गेला, दगडोबा गेला. “शिवकांता, इकडं ये,” अप्पांनी हाक मारली.

पदर सावरत ती पुढं गेली. कळलं यांना, आता माहेरी धाडतात, दुसरं काय! अप्पांनी बंडीच्या खिशातून सासूबाईंचा छल्ला काढला. चाचपत चाचपत नवी किल्ली त्यात ओवली आणि सगळा जुडगा तिच्यापुढं धरला.

“हं. कमरेला लाव.”

“अप्पा, मला कशाला...”

“अगं, चिमण्या रोज खातायत आणि मडकं काय रितं हुईना. मला वाटलं, देव पावला! मग एकदा हात खोल घातला.” अप्पा हसले. “फडक्याची गाठ लागली. म्या गपचिप परत खाली सारली. घरच्या लक्ष्मीनं असं लपवत-छपवत बसावं का? ती जुनी जुडी काढून टाक आता. ती कुठंच लागत न्हाय.”

छल्ला तिनं कमरेला अडकवला. अप्पांनी मोटारीकडं तोंड केलं, पण बघत ते कुठंच नव्हते.

“आन् हे बघ पोरी,” ते म्हणाले, “उद्या सकाळी म्या ती किल्ली मागायला येईन. रागावीन, वरडीन. दिऊ नको.”