कांद्याची ओटी

"कारभारीण का रडतीय रे तुझी?" रायपूरच्या पुढं एका धाब्यावर गेणूअण्णांनी मला विचारलं. अण्णा म्हणजे आमच्या मागच्या ट्रकचे ड्रायव्हर.

हौसाला आठवा महिना होता. पळून लग्न केलं म्हणून तिच्या माहेरचं दार बंद, आणि माझं घर म्हणजे हा ट्रकच. मग कांदा भरून कलकत्त्याला निघालो तेव्हा तिलाही वर बसवली. वाटेत स्टोव्हवर भात, ताडपत्रीखाली झोप. त्याचं तिला काही नव्हतं. पण आपलं डोहाळजेवण कोण करणार, म्हणून सकाळपासून डोळ्याला पदर.

अण्णांनी स्टेपनी उतरवली, मालाच्या दोरानं चिंचेला टांगली आणि वर गोधडी टाकून हौसाला त्या झोपाळ्यात बसवली. धाब्यावर नारळ कुठला? त्यांनी माझ्याच मालातला कांदा काढला आणि ओटी भरायला पुढं आले.

"अण्णा, ओटी बाया भरतात," हौसा डोळे पुसत म्हणाली.

"मग आज आम्ही बाया." अण्णांनी मुंडासं सोडून पदरासारखं डोक्यावर घेतलं. मागं सगळे मिशीवाले ड्रायव्हर एकेक कांदा घेऊन रांगेत उभे. हौसा इतकी हसली की दोर करकरायला लागला.

अण्णा गेले त्यालाही आता वर्षं झाली. परवा आमच्या लेकीचं डोहाळजेवण झालं, मोठ्या हॉलात, फुलांच्या झोपाळ्यावर. ओटी भरताना हौसानं नारळाशेजारी कांदा ठेवला. विहीणबाई बघतच राहिल्या.

"हे काय हो?"

"माझ्या माहेरची रीत आहे," हौसा म्हणाली.