शंख कोरताना

शैलेश बहिणीला न्यायला आला, तेव्हा शांती उकडलेल्या शंखांचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली होती. सकाळी ओहोटीला तिची नणंद किशोरी पनवेलच्या खाडीत चिखलात उतरली होती आणि गोगलगायींचे हे शंख वेचून घेऊन आली होती. वहिनीला आवडतात, दोन घास तरी खाईल, एवढाच तिचा हेतू.

शांतीचा नवरा दयाराम होडीवरून पडून बुडाला, त्याला महिना होत आला होता. शांती अजून रडली नव्हती. बायका येऊन गळ्यात पडत, ती त्यांना पाणी आणून देई.

शैलेशनं चहा नको म्हणून सांगितलं. मूलबाळ नाही, इथं कुणासाठी राहायचं, उरणला आपल्या घरी चल, असं तो समजावत राहिला. दारात रिक्षा थांबवली होती. त्याच्या सांगण्यावरून किशोरीनं पिशवीही भरून ठेवली होती. सासू गंगाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

“येतेस ना, शांते?”

“हे होऊ दे,” शांती म्हणाली.

तिनं एक शंख उचलला. तोंडावरचं झाकण नखानं उडवलं आणि आतलं मांस काढायला पिन हवी म्हणून डावं मनगट चाचपलं. तिच्या पिना कायम बांगडीला अडकवलेल्या असत. बोटं मनगटावर फिरली. परत फिरली. शांती त्या मोकळ्या हाताकडे बघत राहिली.



गंगाबाई भिंतीला धरून उठली आणि सुनेजवळ येऊन बसली. आपल्या पोलक्याची पिन काढून तिनं पुढं केली.

शांतीनं पिन टोचून शंख हळूच फिरवला. मांस शेपटासकट अख्खं बाहेर आलं. ते तिनं ताटलीत ठेवलं. दुसरा शंख घेतला.

दारात रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

“त्याला जाऊ दे, दादा,” शांती मान वर न करता म्हणाली. “तू जेवून जा.”

पातेलं रिकामं झाल्यावर ती पिन धुऊन परत द्यायला गेली. गंगाबाईनं घेतली नाही. सुनेचा पदर सारून तिनंच ती तिच्या पोलक्याला लावली.

“आता हितं लावायची,” ती म्हणाली. “मीपन लय दिवस हातावर शोधली.”